पदक शोकेसमध्ये, कागद कुलपात: फौजी माणूस नक्की काय जपतो?

26 जानेवारी आणि 15 ऑगस्ट जवळ आले की शौर्य पुरस्कारांची यादी जाहीर होते, आणि ग्वाल्हेरच्या मराठी घरांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर त्याच त्या शंका नव्याने निघतात. ऑगस्ट 2025 मध्ये ऑपरेशन सिंदूरसाठीची वीरचक्रं जाहीर झाली तेव्हाही निघाल्या. आमच्या मामांच्या छातीवर दोन रांगा आहेत, मग त्यांचं नाव पेपरात कधीच कसं आलं नाही? अमुक जनरलना इतकी पदकं आहेत, ते लढले तरी कुठे? पणजोबांचं चांदीचं पदक सराफ्यात दाखवलं तर तो म्हणतो वजनावर घेतो, देऊन टाकावं का?

शेजारी मुरारची छावणी असलेल्या गावाला हे प्रश्न पडावेत याचं मला नवल वाटत नाही. फौजेतला माणूस घरी या गोष्टी फारसा समजावत बसत नाही, आणि तो गेल्यावर पदकं घरच्यांच्या हाती येतात ती अशीच, मुकी.

छातीवरच्या सगळ्या पट्ट्या शौर्याच्या नसतात

पदकाला धातूचा भाग असतो आणि तो ज्यावर लटकतो ती रंगीत फीत असते. रोजच्या वर्दीवर फक्त फितीचे तुकडे लावतात, समारंभाला पूर्ण पदकं. त्या रंगीत तुकड्यांच्या रांगा बघून आपण सगळं एकाच मापाने मोजतो, तिथेच घोटाळा होतो.

शौर्य पदकं मोजक्यांच्या वाट्याला येतात. शत्रूसमोर गाजवलेल्या पराक्रमासाठी परमवीर, महावीर आणि वीर चक्र. ही तिन्ही 26 जानेवारी 1950 रोजी सुरू झाली, पण 15 ऑगस्ट 1947 पासून लागू धरली गेली, म्हणून 1947-48 च्या काश्मीर युद्धातले वीर त्यांत आले. युद्धभूमीबाहेरच्या शौर्यासाठी अशोक, कीर्ती आणि शौर्य चक्र. शिवाय सेना मेडल.

परमविशिष्ट, अतिविशिष्ट आणि विशिष्ट सेवा पदकं ही उल्लेखनीय कामगिरीची. जनरल साहेबांच्या नावापुढे बहुधा हीच दिसतात. त्यात कमीपणा काही नाही, पण ती शौर्याची नव्हेत. त्याखेरीज मोहिमेची पदकं असतात: 1965 चं रक्षा मेडल, 1971 चं संग्राम मेडल, पूर्वी आणि पश्चिमी स्टार, कारगिलच्या वेळचं ऑपरेशन विजय मेडल, सियाचीन ग्लेशियर मेडल. ठरलेल्या भागात ठरलेला काळ जो होता त्या प्रत्येकाला ती मिळतात, मग तो तोफेवर असो की लंगरात. नऊ, वीस आणि तीस वर्षांच्या नोकरीची पदकं वेगळी, आणि स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या, पन्नासाव्या, पंचाहत्तराव्या वर्षी सेवेत असलेल्यांना मिळालेली स्मरणाची पदकं आणखी वेगळी.

तर मामांच्या दोन रांगा खऱ्या आहेत. त्या सांगतात की मामा कुठे कुठे होते आणि किती वर्षं होते. पेपरात येण्याची ती गोष्ट नाही, एवढंच. माझं मत विचाराल तर सियाचीनची फीत बघून मी जास्त आदराने नमस्कार करतो, पण ते माझ्यापुरतं.

धातूची किंमत जवळपास नाहीच

परमवीर चक्र कशाचं असतं? काशाचं. त्याच्या खालचं महावीर चक्र चांदीचं. म्हणजे सर्वोच्च सन्मानाचा धातू दुसऱ्या क्रमांकापेक्षा स्वस्त. मधे राजमुद्रा, भोवती इंद्राच्या वज्राच्या चार आकृती, वर साधी जांभळी फीत. हे घडवलं सावित्रीबाई खानोलकरांनी. जन्माने युरोपीय, लग्नाने मराठी: त्यांचे यजमान विक्रम खानोलकर भारतीय सैन्यात अधिकारी होते. पहिलं परमवीर चक्र मरणोत्तर मिळालेले मेजर सोमनाथ शर्मा हे सावित्रीबाईंच्या लेकीचे दीर.

इंग्रजांचा व्हिक्टोरिया क्रॉसही तोफेच्या काशाचाच. वजनकाट्यावर या दोन्हींना भाव नाही. आणि ज्या पदकांना वजनावर भाव होता त्यांचं काय झालं ते बघा. पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल चांदीचं होतं. 1980 च्या सुमारास चांदीचे भाव आभाळाला भिडले आणि जगभरात ही पदकं ढिगाने वितळवली गेली. मजूर पलटणींतल्या लोकांना हेच पदक काशाचं दिलं होतं. त्या वेळी तो सरळसरळ दुजाभाव होता. पण काशाला गिऱ्हाईक नसल्यामुळे त्यांच्या पदकांवर ती पाळी आली नाही.

कडेवरचं नाव वाचा

पणजोबांचं पदक हातात घेतल्यावर सगळे राजाचा मुखवटा बघतात. तो लाखो पदकांवर सारखाच आहे. पदक उभं धरा आणि कड प्रकाशात फिरवा. ब्रिटिश वॉर मेडलवर कडेला बारीक ठशांत इंग्रजी अक्षरं उमटवलेली दिसतील: शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव, पलटण. 1914-15 चा तारा (त्याच युद्धाचं ताऱ्याच्या आकाराचं पदक) असेल तर हीच माहिती मागच्या सपाट बाजूला सापडेल. जाधवचं स्पेलिंग चमत्कारिक असेल, आडनाव मुळात नसेलही, पण नंबर आणि पलटण यांवरून माणूस हुडकता येतो.

एका घरी मी असं पदक पाहिलं होतं. दर दसऱ्याला शस्त्रपूजेत ठेवायचं म्हणून तीन पिढ्या चिंच आणि रांगोळी लावून घासत आल्या होत्या. पदक आरशासारखं लखलखत होतं आणि कड गुळगुळीत झाली होती. भिंग लावून पलटणीची दोन अक्षरं तेवढी लागली. नंबर गेला, नाव गेलं. प्रेमाने केलेलं नुकसान, कोणाला बोलणार?

बाजारातल्या पदकांची गंमतही इथेच कळते. मोहिमेची आणि नोकरीची पदकं फौजेत अनेकदा उशिरा हातात पडतात, कधी कधी वर्षानुवर्षं. परेडला छाती मोकळी दिसू नये म्हणून जवान छावणी बाजारातल्या दुकानातून तसलंच पदक विकत घेतो आणि तिथेच पट्टीवर बसवून घेतो. त्यात लबाडी नाही, हक्क त्याचा असतोच. फक्त त्या पदकावर त्याचं नाव नसतं.

आपल्याच तोफांचा तारा

ग्वाल्हेरकरांना एक पदक माहीत असायलाच हवं, आणि ते ठाऊक असलेले फार थोडे भेटतात. 1843 च्या फेब्रुवारीत जनकोजीराव शिंदे वारले. गादीवर अल्पवयीन जयाजीराव, दरबारात कारभारी दादा खासगीवाल्यांवरून ओढाताण, आणि दाराशी गव्हर्नर जनरल एलनबरोचं सैन्य. 29 डिसेंबर 1843 रोजी एकाच दिवशी दोन लढाया झाल्या. एक महाराजपूरला, दुसरी शिवपुरीच्या वाटेवरच्या पनिहारला. शिंद्यांच्या गोलंदाजांनी शर्थ केली, पण दोन्हीकडे हार झाली आणि तोफा इंग्रजांच्या हाती पडल्या.

त्या तोफांच्या धातूतून कलकत्त्याला सहा टोकांचे तारे ओतले. मधे चांदीचा छोटा तारा, त्यावर लढाईचं नाव आणि तारीख. कंपनीच्या बाजूने लढलेल्या गोऱ्या आणि देशी सैनिकांना ते मिळाले, पाठीवर नाव-पलटण कोरून. याला 'ग्वाल्हेर स्टार' म्हणतात. ताऱ्याला मुळात फीत नव्हती, अंगरख्याला अडकवायचा आकडा होता. पण तो इतर पदकांच्या रांगेत फितीवर झुलावा असं पुष्कळांना वाटलं, आणि त्यांनी पदरचे पैसे घालून कडी जोडून घेतली, फीत लावली. सरकारने दिलं तेवढ्यावर माणूस समाधानी नव्हता. ते चारचौघांत ओळखू यावं असं त्याला वाटत होतं.

शिंद्यांच्या बाजूने जे तोफांवर पडले त्यांना तारा नाही की फीत नाही.

पाहिलं कोणी?

शौर्य पदकाचा कणा असतो साक्ष. आजची पद्धत अशी: पराक्रम पाहणाऱ्यांच्या सांगण्यावरून युनिटचा कमांडिंग ऑफिसर शिफारस लिहितो, ती एकेक पायरी वर जाते, दिल्लीत समिती छाननी करते, राष्ट्रपती मंजुरी देतात आणि भारताच्या राजपत्रात नाव छापलं जातं. पाहणारे सगळेच मेले, तर पराक्रम झाला तरी पदक होत नाही. हे फौजेत सगळ्यांना माहीत असतं आणि म्हणूनच पदकवाला स्वतः फार बढाया मारताना दिसत नाही.

साक्षीचं टोकाचं उदाहरण आपल्याच गावचं आहे. जून 1858 मध्ये कोटा की सरायजवळ आठव्या हुसार्स या गोऱ्या घोडदळाने हल्ला चढवला. याच धुमश्चक्रीत राणी लक्ष्मीबाई पडल्या असं मानतात. त्या हल्ल्यासाठी चार व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, आणि ते कोणाला द्यायचे हे सैनिकांनी आपसांत मत देऊन ठरवलं: एक अधिकारी, एक सार्जंट, दोन साधे सैनिक. नियमातच तशी तरतूद होती. वरून लादलेल्या नावापेक्षा सोबत्यांनी निवडलेलं नाव मोठं, हे सैनिकाला न सांगता कळतं. आपली माणसं तेव्हा या क्रॉसला पात्रच नव्हती, ती झाली 1911 मध्ये. तोवर त्यांच्यासाठी सर्वात वरचं होतं 1837 चं 'ऑर्डर ऑफ मेरिट'.

कागद नसेल तर

घर आहे, पण रजिस्ट्री नाही. राहायला कोणी मना करत नाही, मात्र आपलं म्हणून सिद्ध करता येत नाही. कागदाविना पदकाची गत तीच.

परमवीर चक्र मिळालेले सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे घ्या. कारवारकडचे, बॉम्बे सॅपर्सचे (लष्करी अभियंत्यांच्या दलाचे), आणि पदक जिवंतपणी घेणाऱ्या थोड्यांपैकी. धातूवर दिसणार काय? नाव. कामगिरीची हकिगत सांगते की एप्रिल 1948 मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावर सुरुंग आणि अडथळे काढत ते रणगाड्यांसाठी वाट करत होते. रणगाड्याच्या खालून सरपटत, दोरीने चालकाला खुणा करत. हे सगळं राहिलं ते कागदावर. त्या हकिगतीला 'सायटेशन' म्हणतात, आणि शौर्य पदकाचा जीव तिच्यात असतो.

साध्या जवानाचा कागद याहून रुक्ष. त्याला पदक मिळालं की युनिटचा 'पार्ट टू ऑर्डर' निघतो. लग्न, मूल, रजा, कोर्स अशा सगळ्या वैयक्तिक बाबी ज्यात छापतात तो हा आदेश. त्याची प्रत रेकॉर्ड ऑफिसला जाते आणि सेवापुस्तकात नोंद चढते. निवृत्त होताना हातात येतं डिस्चार्ज बुक, ज्यात नोकरीचा हिशेब आणि पदकांची यादी एकत्र असते. 'पार्ट टू निघाला का?' हा प्रश्न जवान जितक्या काळजीने विचारतो तितक्या काळजीने 'पदक आलं का?' हे विचारत नाही.

मुरारला माझ्या ओळखीचे एक निवृत्त हवालदार आहेत. त्यांची पदकं बैठकीतल्या शोकेसमध्ये नातवाच्या कॅरमच्या कपाशेजारी आहेत, पट्टी थोडी वाकडी झालेली. डिस्चार्ज बुक मात्र चेनच्या प्लॅस्टिक पिशवीत, ती पिशवी कापडात, ते कापड गोदरेजच्या लॉकरमध्ये, आणि किल्ली वहिनींच्या कमरेला. मला वाटतं मूळ सैनिकांचा क्रम हाच होता: आधी कागद, मग धातू. उलटं केलं ते आपण, त्यांच्या मागे राहिलेल्यांनी. चकाकतं ते काचेत ठेवलं, आणि घडीवर फाटलेला पिवळा कागद दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत घातला.

'पैसे मिळायचे म्हणून जपत होते'

काही अंशी हो, आणि त्यात लाजण्यासारखं काय आहे? 1837 च्या ऑर्डर ऑफ मेरिटला तीन वर्ग होते. तिसरा मिळाला तर पगार एक तृतीयांशाने वाढायचा, दुसऱ्याला दोन तृतीयांशाने, पहिल्याला दुप्पट. घर चालवणाऱ्या शिपायाला या भाषेतला सन्मान चांगला कळत होता.

आजही शौर्य पदकाला दरमहा भत्ता आहे. ऑगस्ट 2017 पासूनचे दर असे: परमवीर चक्राला 20,000 रुपये, अशोक चक्राला 12,000, महावीरला 10,000, कीर्तीला 9,000, वीरला 7,000, शौर्यला 6,000 आणि शौर्यासाठीच्या सेना मेडलला 2,000. पुरस्कारप्राप्त सैनिकामागे हा भत्ता पत्नीला मिळतो. मोहिमेच्या आणि नोकरीच्या पदकांना असा भत्ता नाही, तरी तीही जपली जातात. म्हणजे नुसत्या पैशाने हिशेब लागत नाही.

'इंग्रजांची पदकं कशाला मिरवायची?'

हा आक्षेप मला हलका वाटत नाही. ग्वाल्हेर स्टारबद्दल वाचताना माझाही घास अडकतो. पण शिंदे सरकारच्या तिसऱ्या ग्वाल्हेर पलटणीचे लोक नोव्हेंबर 1914 मध्ये पूर्व आफ्रिकेत टांगाच्या किनाऱ्यावर उतरवले गेले, ते कोणी साम्राज्याचं तत्त्वज्ञान वाचून गेले नव्हते. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव या मराठा पलटणीच्या दोघांनी इटलीत, 1944 आणि 1945 मध्ये, व्हिक्टोरिया क्रॉस मिळवले. घाडग्यांचा मरणोत्तर. राजा कोणाचा हे पदकाच्या पुढच्या बाजूला आहे. गेला कोण, ते कडेवर आहे. मी कड वाचतो.

पहिल्या महायुद्धात मेलेल्यांच्या घरी काशाची एक मोठी गोल तबकडी आली होती, साधारण बारा सेंटिमीटरची. तिच्यावर नुसतं नाव आहे, हुद्दा नाही. शिपाई आणि सरदार दोघांचं मरण सारखं, असा तिचा अर्थ. साम्राज्याला ही समानता माणूस मेल्यावरच सुचली, हेही खरं.

गहाण, विक्री, वापसी

सगळेच सैनिक पदकं उराशी धरून बसले असं नाही. आर्मी ॲक्ट 1950 च्या कलम 54 मध्ये, मिळालेलं पदक विकणं, गहाण टाकणं, नष्ट करणं किंवा विद्रूप करणं हा सैनिकासाठी गुन्हा ठरवला आहे. इंग्रजांच्या कायद्यातही तशी तरतूद होती. कायद्यात कलम घालावं लागलं, यावरून काय चालत असेल ते समजून घ्या. हात आखडले की चांदी सावकाराकडे जायचीच.

परत करणं ही वेगळी गोष्ट. 2009 मध्ये माजी सैनिकांनी 'वन रँक वन पेन्शन'साठी, म्हणजे सारख्या हुद्द्याला आणि सारख्या नोकरीला सारखं पेन्शन मिळावं म्हणून, हजारो पदकं राष्ट्रपती भवनात नेऊन दिली. ती योजना पुढे 2015 मध्ये जाहीर झाली. पदकाची पर्वा नसती तर परत करण्याला काही अर्थच उरला नसता. आणि पदक परत केलं म्हणून नोंद पुसली जात नाही. शौर्य पुरस्कार रद्द करायचा अधिकार राष्ट्रपतींचा.

वारसांनी विकावं का? सराफ्यात वजनावर देणं हा मला वाटतं सगळ्यात वाईट सौदा, कारण चांदीपेक्षा संग्राहक कडेवरच्या नावाला जास्त मोजतो. पण परदेशातल्या लिलावाची स्वप्नं बघण्याआधी 1972 चा पुरावशेष कायदा लक्षात घ्या. शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू, आणि पंचाहत्तर वर्षांहून जुना महत्त्वाचा दस्तऐवज, खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. पहिल्या महायुद्धाची पदकं आता या शंभरीच्या रेषेपलीकडे गेली आहेत.

ट्रंक उघडली तर

घासू नका. मऊ कोरड्या कापडाने धूळ पुसा, बस. पदकाची पुढची बाजू, मागची बाजू आणि कड यांचे फोटो काढा, कडेचे तिरप्या उजेडात. फीत विटली म्हणून बदलू नका. एकाच माणसाची पदकं भावंडांत एकेक करून वाटू नका. वाटायचीच तर आधी सगळ्यांचा एकत्र फोटो आणि कोणाकडे काय गेलं ते लिहून ठेवा. रद्दीत पलटणीचं नाव असलेला कोणताही कागद दिसला तर बाजूला काढा, पोस्टकार्ड असलं तरी.

माणूस महायुद्धात मेला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव फुकट शोधता येतं. स्वातंत्र्यानंतरच्या सैनिकासाठी नंबर आणि पलटण घेऊन त्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहायचं: मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं आपल्या सागरला. पत्र कसं लिहायचं ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात सांगतात. तिथे जाताना डिस्चार्ज बुकची झेरॉक्स न्या आणि तीच जमा करा. मूळ प्रत खिडकीवर दाखवायची, आणि लगेच हातात परत घ्यायची.